फाशी, माफी आणि फाइल : दयेच्या अधिकाराच्या अभ्यासाची प्रस्तावना

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात हजारो माणसे रुळांवर उतरली आणि सुमारे दहा तास लोकल बंद राहिल्या. शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला होता, आणि तक्रार नोंदवून घेण्यासाठी त्यांच्या आईवडिलांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले होते. गर्दीची मागणी एकच होती: आरोपीला फाशी द्या आणि आत्ता द्या. महिन्याभरात, २३ सप्टेंबरला, तो आरोपी मुंब्र्याजवळ पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. त्याच्यावरचा खटला चाललाच नाही. निकाल नाही, शिक्षा नाही, अपील नाही, त्यामुळे दयेच्या अर्जाचा प्रश्नही उद्भवला नाही.

हा विषय निकालानंतर सुरू होतो. समजा खटला चालला असता आणि कल्याणच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली असती, तर पुढे काय झाले असते? उच्च न्यायालयाची मान्यता लागली असती, सर्वोच्च न्यायालयात अपील झाले असते, आणि तिथेही शिक्षा कायम राहिली असती तर कागद राज्यपालांकडे आणि मग राष्ट्रपतींकडे गेले असते. या शेवटच्या टप्प्याचा आधार म्हणजे राज्यघटनेतील दोन छोटे अनुच्छेद, राष्ट्रपतींसाठी ७२ आणि राज्यपालांसाठी १६१. ही प्रस्तावना मी त्या टप्प्याबद्दल लिहीत आहे. माझ्या नजरेसमोर आहेत ते उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातले कायद्याचे विद्यार्थी, उल्हासनगरच्या चोपडा कोर्टात नुकते उभे राहू लागलेले वकील, आणि ‘राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला’ ही बातमी वाचून ‘म्हणजे आता नक्की काय होणार?’ असा प्रश्न पडलेला कोणीही वाचक. या सर्वांचे मनापासून स्वागत. विषय अवघड नाही. मात्र त्याच्याभोवती गैरसमज फार आहेत, आणि आधी ते दूर करावे लागतात.

राष्ट्रपतींचा विषय म्हटला की तो दिल्लीचा वाटतो. प्रत्यक्षात या अधिकाराच्या कडा कुठे आहेत हे ठरवणारे कितीतरी निवाडे महाराष्ट्रातल्या खटल्यांत झाले: मुंबईच्या, पुण्याच्या, कोल्हापूरच्या, नागपूरच्या. ते एकापुढे एक ठेवून वाचले की एक गोष्ट ठळक होते. कागदावर हा अधिकार प्रचंड मोठा आहे. त्याला खरी मर्यादा पडते ती तो वापरण्याच्या रीतीने. सल्ला कोण देतो, फाइलमध्ये कोणते कागद लावले जातात, आणि ती फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून राहते, याकडे अभ्यासकाने सर्वांत आधी पाहावे असे माझे ठाम मत आहे.

आधी अनुच्छेदात काय आहे ते पाहू. दोषी ठरलेल्या व्यक्तीला राष्ट्रपती क्षमा करू शकतात, शिक्षेची अंमलबजावणी तहकूब करू शकतात, तिला विश्राम देऊ शकतात, शिक्षेत सूट देऊ शकतात आणि शिक्षा निलंबित किंवा सौम्य करू शकतात. क्षमा म्हणजे दोष आणि शिक्षा दोन्हींतून मोकळीक. सौम्य करणे म्हणजे शिक्षेचा प्रकारच बदलणे. फाशीची जन्मठेप होते ती याने. सूट मिळाली की प्रकार तोच राहतो, मुदत घटते. तुरुंगातले कैदी चांगल्या वर्तनाबद्दल मिळणाऱ्या ज्या दिवसांना ‘माफी’ म्हणतात ती सूटच, फक्त ती कारागृहाच्या नियमांखाली मिळते. तिच्यासाठी राष्ट्रपतींकडे जावे लागत नाही. बोलताना आपण या सगळ्यांना सरसकट माफी म्हणतो आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. सूट मिळाल्याने दोषसिद्धी पुसली जात नाही. निवडणुकीतील अपात्रतेच्या एका वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच हे स्पष्ट केले आहे.

राष्ट्रपतींकडे जायचे कोणी आणि राज्यपालांकडे कोणी? बदलापूरचाच तो दिवस डोळ्यांपुढे आणा. रूळ अडवणे हा रेल्वे कायद्याखालचा गुन्हा, आणि रेल्वे हा केंद्राचा विषय. महाराष्ट्र पोलीस अधिनियम हा राज्याचा कायदा. बालकांवरील अत्याचाराचा गुन्हा समवर्ती सूचीतल्या फौजदारी कायद्याखाली येतो, आणि त्याबाबत कार्यकारी अधिकार सामान्यतः राज्याचा असतो. अंबरनाथच्या आयुध निर्माणीतले एखादे गुपित बाहेर फोडले तर शासकीय गुपिते कायदा लागू होईल, आणि तो पुन्हा केंद्राचा. जिथे कार्यकारी अधिकार केंद्राचा तिथे राष्ट्रपती, जिथे राज्याचा तिथे राज्यपाल, हे मूळ सूत्र. त्याला दोन महत्त्वाच्या पुरवण्या आहेत: लष्करी न्यायालयाने दिलेली शिक्षा राष्ट्रपतींकडेच जाते, आणि फाशी कोणत्याही कायद्याखाली झालेली असो, राष्ट्रपतींचे दार उघडे असते. घटना समितीत मसुद्यातील अनुच्छेद ५९ वर २९ डिसेंबर १९४८ रोजी चर्चा झाली. फाशीच्या बाबतीत राष्ट्रपती आणि राज्य असे दोघांनाही अधिकार का, हा तिथला एक मुद्दा होता. ती चर्चा छोटी आहे आणि मुळातून वाचण्यासारखी आहे.

आता हा अधिकार काय नाही तेही पाहू. ‘माफीचा साक्षीदार’ या प्रकाराशी राष्ट्रपतींचा काहीही संबंध नाही. साथीदाराने संपूर्ण सत्य सांगावे या अटीवर न्यायालय त्याला माफी देऊ करते. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने डेव्हिड हेडलीला दिली ती अशी. आंदोलन शमले की ‘गुन्हे मागे घ्या’ अशी मागणी होते. तो निर्णय निकालाआधीचा असतो, सरकारी वकिलामार्फत होतो आणि त्याला न्यायालयाची संमती लागते. उल्हासनगरकरांना जवळचे आणखी एक उदाहरण आहे. उच्च न्यायालयाने शेकडो बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिल्यावर राज्य विधिमंडळाने २००६ मध्ये खास उल्हासनगर शहरासाठी अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा कायदा केला. लोक त्यालाही ‘सरकारने माफ केले’ असे म्हणाले. पण तिथे विधिमंडळाने दंड आकारून बेकायदा बांधकाम कायदेशीर करण्याची वाट काढली होती. राष्ट्रपतींच्या क्षमेमुळे मूळ कृत्य कायदेशीर होत नाही. तिचा संबंध एका माणसाशी आणि त्याच्या शिक्षेशी असतो.

अमेरिकेशी तुलना सतत होते, म्हणून एकच फरक सांगतो. ८ सप्टेंबर १९७४ रोजी अध्यक्ष फोर्ड यांनी निक्सन यांना माफी दिली तेव्हा निक्सन यांच्यावर खटलाही झाला नव्हता. आपल्या राज्यघटनेत हे बसत नाही. दोन्ही अनुच्छेद ‘दोषी ठरलेल्या’ व्यक्तीबद्दलच बोलतात. शिवाय अमेरिकेचा अध्यक्ष तो निर्णय स्वतः घेतो, आपले राष्ट्रपती घेत नाहीत. त्याकडे पुढे येतो.

अधिकाराचा उगम राजेशाहीत आहे. इंग्लंडच्या राजाचा परमाधिकार १९३५ च्या भारत सरकार कायद्यातील कलम २९५ मधून गव्हर्नर जनरलकडे आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कल्याण कॅम्पच्या निर्वासित वसाहतीचे उल्हासनगर झाले, हे तिथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याच वर्षी गांधीहत्येच्या खटल्यात फाशी झालेल्या नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांच्यासाठीच्या दयेच्या विनंत्या याच राजाजींपुढे आल्या होत्या. गांधीजींचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनीही फाशी देऊ नये अशी विनंती केली होती. त्या मान्य झाल्या नाहीत, आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात दोघांना फाशी दिली गेली. ज्याची हत्या झाली त्याच्या मुलांनीच दया मागितली असतानाही राज्यसंस्था नकार देऊ शकते. दया हा आप्तांचा अधिकार नाही, राज्याचा निर्णय आहे, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

राज्यघटना आल्यावर या अधिकाराची पहिली मोठी कसोटी मुंबईतच लागली. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. ज्यूरीने ८ विरुद्ध १ असा निर्दोषत्वाचा कौल दिला. न्यायाधीशांनी तो न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, आणि ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने जन्मठेप सुनावली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांचा आदेश आला: सर्वोच्च न्यायालयातील नियोजित अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा निलंबित, आणि तोवर नानावटी नौदलाच्या ताब्यात, आयएनएस कुंजाली इथे राहतील. अटकेचे वॉरंट बजावले न जाताच परत आले. एका बाजूला उच्च न्यायालयाचा ताजा निकाल आणि दुसऱ्या बाजूला त्याच तारखेचा राज्यपालांचा हुकूम, अशी स्थिती त्या दिवशी मुंबईत होती.

या आदेशाने शहर ढवळून निघाले. सरकारने नौदल अधिकाऱ्याला वेगळा न्याय दिला का? उच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या विशेष पीठाने राज्यपालांचा आदेश बेकायदा मानला नाही. मग सर्वोच्च न्यायालयात प्रश्न आला तो असा: नियमानुसार अपील करणाऱ्याने आधी शिक्षा भोगण्यासाठी शरण गेले पाहिजे, राज्यपालांनी शिक्षाच थांबवली असेल तर ही अट लागू होते का? ५ सप्टेंबर १९६० रोजी घटनापीठाने ४ विरुद्ध १ अशा बहुमताने निकाल दिला. न्यायालयाने दोन्ही अधिकार मान्य केले आणि त्यांची वेळ वेगळी ठरवली. अपील दाखल होण्याआधी आणि निकाली निघाल्यानंतर राज्यपालांचा अधिकार अबाधित. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे असताना शिक्षा थांबवायची की नाही हे न्यायालय ठरवील. न्यायमूर्ती कपूर यांचे मत वेगळे होते: अनुच्छेद १६१ च्या शब्दांत अशी मर्यादा नाही, मग ती बाहेरून का आणायची? विद्यार्थ्यांनी हे विरोधी मत टाळू नये. बहुमताची बाजू मला पटते, पण कपूर यांचा प्रश्न आजही नीट सुटलेला नाही.

नानावटी प्रकरणाचा शेवट उल्हासनगरच्या वाचकाला अधिक लागणारा आहे. नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटी यांना क्षमा केली आणि तिच्या जोडीने भाई प्रताप दयालदास यांनाही. भाई प्रताप हे फाळणीनंतर सिंधी विस्थापितांसाठी गांधीधाम उभारणारे मोठे नाव; आयात परवान्याच्या गैरवापराबद्दल त्यांना शिक्षा झाली होती. आहुजा सिंधी होते. नानावटी पारशी होते. एका समाजाला दिलासा आणि दुसऱ्याचा राग शांत, असा तोल साधण्यासाठी दोन क्षमा एकत्र दिल्या गेल्या, असे तेव्हापासून मानले जाते. प्रेम आहुजा यांच्या बहिणीने हरकत नसल्याचे लिहून दिले, हेही सांगितले जाते. यातून एक खरा प्रश्न उभा राहतो: समाजा-समाजांतला तोल हे क्षमेचे कारण होऊ शकते का? १९६४ मध्ये हा प्रश्न न्यायालयात कोणी नेला नाही. आज नेला तर सरकारला फाइल दाखवून उत्तर देणे कठीण जाईल.

कारण २००६ मध्ये एपुरु सुधाकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आंध्रच्या राज्यपालांनी दिलेली सूट रद्द केली आणि पुनर्विलोकनाची कारणे स्पष्ट केली. मन न लावता घेतलेला निर्णय, दुष्ट हेतू, असंबद्ध कारणे, महत्त्वाचे कागद समोर न ठेवणे, मनमानी: यांपैकी काहीही सिद्ध झाले तर आदेश टिकत नाही. जात, धर्म, राजकीय निष्ठा ही कारणे चालणार नाहीत, असे त्या निकालपत्रात स्पष्ट लिहिले आहे. न्यायालय राष्ट्रपतींच्या जागी बसून दया करत नाही. निर्णय कसा झाला एवढेच ते पाहते, पण बारकाईने पाहते.

आणखी एक निवाडा मराठी माणसाच्या बोलण्यातल्या एका पक्क्या समजुतीला धक्का देतो. ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे’ असे आपण सहज म्हणतो. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप भोगणारे गोपाळ गोडसे यांनी सर्वोच्च न्यायालयात असाच हिशोब मांडला होता: मिळालेली सूट धरली तर आपली शिक्षा पुरी झाली आहे. जानेवारी १९६१ मध्ये न्यायालयाने सांगितले की जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य; सूट देऊन सोडायचे की नाही हे सरकार ठरवील, कैद्याला तो हक्क म्हणून मागता येणार नाही. पुढे ऑक्टोबर १९६४ मध्ये सरकारने त्यांना सोडले ते सूट देण्याच्या याच अधिकारात. चौदा हा आकडा कायद्यात खऱ्या अर्थाने १९७८ मध्ये आला, आणि तोही किमान मर्यादा म्हणून: फाशी होऊ शकणाऱ्या गुन्ह्यातली जन्मठेप असेल तर चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सरकारने सोडू नये. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांना मात्र ही मर्यादा बांधत नाही, असे १९८० मध्ये मारू राम खटल्यात ठरले.

त्याच खटल्यात हेही ठरले की राष्ट्रपती हा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरतात. गृहमंत्रालय टिपण करते, सल्ला जातो. राष्ट्रपती तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. तोच सल्ला पुन्हा आला तर तो मान्य करणे भाग आहे. राज्यपालांचेही तसेच, राजीव गांधी हत्या खटल्यातील पेरारिवालन याला १८ मे २०२२ रोजी सोडताना सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा बजावले. त्यामुळे अमुक राष्ट्रपती दयाळू, तमुक कठोर, अशी वर्गवारी वाचली की मला ती अपुरी वाटते. राष्ट्रपतींच्या हाती सल्ल्याविरुद्ध जाण्याची ताकद नाही, पण फाइल न हलवण्याची ताकद आहे, आणि ती अनेकांनी वापरली. के. आर. नारायणन यांच्या काळात एकाही अर्जावर निर्णय झाला नाही. १९८८ च्या केहर सिंग निकालाने राष्ट्रपतींना पुराव्याकडे नव्याने पाहण्याची मुभा दिली. न्यायालयाने दोषी ठरवले म्हणून आपले हात बांधले आहेत असे त्यांनी मानू नये, हा त्यातला गाभा. पण नव्याने पाहायचे तर कागद लागतात आणि वेळ लागतो, आणि इथेच या विषयाचा सर्वांत वेदनादायक भाग येतो.

प्रतिभाताई पाटील यांच्या कारकिर्दीच्या शेवटी, जून २०१२ मध्ये, बागलकोट भागातल्या एका खटल्यातल्या कैद्याची फाशी जन्मठेपेत बदलण्यात आली. तो कैदी २००७ मध्येच बेळगावच्या तुरुंगात मरण पावला होता. त्याच्या मृत्यूची खबर पाच वर्षांत बेळगावहून दिल्लीच्या त्या फाइलपर्यंत पोहोचली नाही. एवढ्या एका प्रकरणावरून हा अधिकार प्रत्यक्षात कसा चालतो ते कळते.

कोल्हापूरच्या रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींवर लहान मुलांची अपहरणे आणि हत्या यांचा आरोप सिद्ध झाला. २००१ मध्ये सत्र न्यायालयाची फाशी, २००४ मध्ये उच्च न्यायालयाची मान्यता, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची. त्यांच्या दयेच्या अर्जाला राष्ट्रपतींचा नकार आला जुलै २०१४ मध्ये. १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दोघींची फाशी जन्मठेपेत बदलली, कारण अर्ज निकाली काढायला ७ वर्षे, १० महिने आणि १५ दिवस लागले होते. विलंबाचे मुख्य कारण सरकारी यंत्रणेची ढिलाई होती, आणि न्यायालयाने तिच्यावर कडक ताशेरे ओढले. मात्र सुटका मागणारी त्यांची विनंती न्यायालयाने मान्य केली नाही.

आधार होता सर्वोच्च न्यायालयाच्या २१ जानेवारी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालाचा. फाशी होईल की नाही या टांगणीवर माणसाला वर्षानुवर्षे ठेवणे हाच एक छळ आहे, आणि अकारण विलंब झाला तर फाशी रद्द होऊ शकते, असे त्या निकालाने सांगितले. त्यानेच काही नियमही घातले: अर्ज फेटाळल्याचे कैद्याला लेखी कळवायचे, कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान १४ दिवस द्यायचे, या टप्प्यावरही मोफत विधी साहाय्य द्यायचे, त्याची कागदपत्रे त्याला द्यायची.

नियम झाले, तरी पुण्याच्या बीपीओ प्रकरणात काय झाले ते बघा. २००७ मध्ये कंपनीच्या गाडीने कामाला निघालेल्या तरुणीवर चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. रात्रपाळीला जाणाऱ्या हजारो मुलींच्या घरांत त्या बातमीने धास्ती बसली. आपल्या कर्जत लाइनवरून रात्री उशिरा परतणाऱ्या मुलींच्या घरांतही. मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. मार्च २०१६ मध्ये राज्यपालांनी अर्ज फेटाळला, मे २०१७ मध्ये राष्ट्रपतींनी. आता उरले होते फक्त सत्र न्यायालयाने वॉरंट काढणे. ते निघाले एप्रिल २०१९ मध्ये. मधल्या जवळपास दोन वर्षांत निर्णय घेण्यासारखे काही उरलेच नव्हते. तुरुंगातून पत्रे जात होती आणि पुढे काहीच घडत नव्हते. फाशीची तारीख ठरली २४ जून २०१९. २९ जुलैला उच्च न्यायालयाने विलंबाच्या कारणावरून ती बदलून ३५ वर्षांची कैद दिली, आणि ९ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. त्या पीठाचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती अभय ओक, ज्यांनी वकिलीची सुरुवात आपल्याच ठाणे जिल्हा न्यायालयात केली. निकालात राज्यांना आदेश आहेत: दयेच्या अर्जांसाठी गृह किंवा कारागृह विभागात स्वतंत्र कक्ष उघडा, त्याला अधिकारी नेमा, कागद वेळेत पाठवा, आणि सत्र न्यायालयांनी फाशी कायम झाल्याचा आदेश मिळताच प्रकरण स्वतःहून बोर्डावर घ्यावे.

फाशीच्या बाजूचा वाचक इथे चिडेल. त्याने चिडावे, फक्त कशावर चिडायचे ते नीट ठरवावे. पुण्यातल्या त्या दोघांची फाशी दयेमुळे टळली नाही. राष्ट्रपतींनी दया नाकारली होती. ती टळली कारण कागद पडून राहिले. फाशीला विरोध असलेल्यांनीही यात समाधान मानू नये. गुणदोषांवर विचार होऊन मिळालेली दया वेगळी आणि कारकुनी हलगर्जीतून मिळालेली जन्मठेप वेगळी. आणि पुण्यातल्या मृत मुलीच्या आईवडिलांना तर बारा वर्षे ताटकळत ठेवले गेले. डिसेंबर २०१९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद म्हणाले होते की बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखालच्या दोषींना दयेच्या अर्जाचा हक्कच नसावा. बदलापूरच्या रुळांवर उभ्या असलेल्या कितीतरी जणांना ते पटले असते. मला पटत नाही. तपास चुकू शकतो, साक्षीदार चुकू शकतो, गरीब आरोपीला वकील वाईट मिळू शकतो, आणि जितका गुन्हा संतापजनक तितकी घाईने कोणाला तरी पकडण्याची ओढ मोठी. शेवटचा दरवाजा नेमक्या त्याच खटल्यांसाठी उघडा ठेवावा लागतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या कलम ४७२ ने दयेच्या अर्जाला पहिल्यांदाच वेळापत्रक दिले. अपील संपल्याचे कारागृह अधीक्षकांनी कळवल्यापासून ३० दिवसांत अर्ज. राज्यपालांनी नाकारला तर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. केंद्राने राज्याचे म्हणणे मिळाल्यापासून ६० दिवसांत शिफारस करायची. निर्णय झाला की ४८ तासांत राज्याला आणि तुरुंगाला कळवायचे. पुणे आणि कोल्हापूरचा धडा यात दिसतो, याचे स्वागत केले पाहिजे. उणीव मात्र मोठी आहे: खुद्द राष्ट्रपतींना मुदत नाही. अर्ज कैद्याने, वारसाने किंवा नातेवाइकाने करायचा, असे कलम म्हणते. ज्याचे घर त्याला सोडून गेले आहे त्याच्या वतीने अर्ज करणाऱ्या संस्थेचे काय? आणि शेवटच्या पोटकलमानुसार निर्णय कसा झाला हे कोणत्याही न्यायालयाला तपासता येणार नाही. साध्या कायद्याने अनुच्छेद ३२ आणि २२६ खालचे अधिकार संपत नाहीत, त्यामुळे हे पोटकलम एपुरु सुधाकर आणि शत्रुघ्न चौहान या निकालांसमोर शब्दशः टिकेल असे मला वाटत नाही. न्यायालयाने अजून यावर शेवटचा शब्द दिलेला नाही. इथे संशोधनाला वाव आहे.

‘राष्ट्रपतींनी फेटाळला म्हणजे सगळे संपले’ हे तरी खरे का? नागपूरच्या वसंता दुपारे याला चार वर्षांच्या मुलीवरील अत्याचार आणि खून यांबद्दल फाशी झाली होती आणि राष्ट्रपतींनी २०२३ मध्ये अर्ज फेटाळला होता. तरीही २५ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या शिक्षेचा प्रश्न नव्याने ऐकण्यासाठी खुला केला, कारण फाशी ठोठावताना आरोपीची पार्श्वभूमी आणि मानसिक स्थिती यांची जी तपासणी आता आवश्यक मानली जाते ती तेव्हा झालेली नव्हती.

नव्या वाचकाने सुरुवात १९६० च्या नानावटी निकालापासून करावी, मग थेट २०२४ च्या पुण्याच्या निकालाकडे यावे आणि मधले निकाल नंतर भरून काढावेत. पहिल्यात अधिकाराचे क्षेत्र ठरते, दुसऱ्यात त्याच अधिकाराची फाइल कुठे अडते ते तारखेनिशी दिसते. निकालांबरोबर तुरुंगातले कागदही वाचायला हवेत: कारागृह अधीक्षकांचा अहवाल, वैद्यकीय नोंदी, कैद्याने स्वतः मराठीत लिहिलेला किंवा कोणाकडून तरी लिहून घेतलेला अर्ज. यात कोर्टात कधीच न आलेल्या गोष्टी येतात, आजार, वय, बालपण, पश्चात्ताप, आणि दयेचा निर्णय याच गोष्टींवर व्हायचा असतो. आधारवाडी, ठाणे आणि तळोजा ही कारागृहे आपल्यापासून दूर नाहीत. तिथल्या बहुतेक कैद्यांना राष्ट्रपतींकडे जावे लागणार नाही, पण सूट, मुदतपूर्व सुटका, आजारपणातली तहकुबी यांचे अर्ज तिथून रोज निघतात, आणि ते नीट लिहून देणारी माणसे फार कमी आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवर नाव घालणारा उल्हासनगरचा किंवा अंबरनाथचा तरुण वकील या विषयातला पहिला धडा तिथे शिकेल. माहितीच्या अधिकारात विचारण्यासारखे प्रश्नही तयार आहेत: २०२४ च्या आदेशानुसार महाराष्ट्रात कक्ष उघडला का, त्याचा अधिकारी कोण, ठाणे जिल्ह्यातून गेलेला प्रत्येक अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस होता?